एकतीस रुपये, गोकुळपेठ

तेहतीस वर्षं इतवारीतल्या बँकेत
मी दुसऱ्यांचे पैसे मोजले.
डाव्या हाताशी वाटीत ओला स्पंज,
उजवा अंगठा सदा गार.
खोटी नोट मला डोळ्यांनी नाही, कानांनी कळायची.
आता खिशात एक कार्ड आहे.
ते वाजतच नाही.

वाजतं ते यंत्र. एकदाच, टुक्,
चिमणीनं आरशावर चोच मारावी तसं.
रूपचंद भाजीवाला कांद्याच्या ढिगात ठेवतो ते,
म्हणतो, "नुसतं टेकवा ना काका,
दाबून काहून राहिले?
शिक्का थोडीच मारायचा आहे!"

कार्ड रेवानं काढून दिलं.
नंबर तिचाच लावला, कारण माझ्या फोनवरचे मेसेज
कोणीच वाचत नाही, मीसुद्धा.
म्हणजे इथे मी मेथीची जुडी उचलतो
आणि बंगळूरला तिच्या टेबलावर फोन थरथरतो:
एकतीस रुपये, गोकुळपेठ.

सुरुवातीला राग यायचा.
संत्रा बर्फी घेतली की रात्री,
"बाबा, शुगर."
सावजीकडे जेवलो की,
"बाबा, अ‍ॅसिडिटी."
इतका हिशेब मी बायकोलाही दिला नव्हता.
ती फक्त शर्टाचा वास घ्यायची.

मग मे महिन्यात एक दिवस
पारा सत्तेचाळीसवर, डांबर वितळून राहिलं होतं.
मी घराबाहेर पडलोच नाही.
कूलरमध्ये पाणी होतं, डब्यात कालच्या पोळ्या,
एक कांदा.
माणसाला लागतं किती?
रात्री आठला दार वाजलं.
वरच्या मजल्यावरचा बोंदऱ्यांचा पोरगा,
बनियनवर, कानाला फोन,
"आहेत ताई, आहेत. समोरच उभे आहेत."

फोन माझ्या हाती दिला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
कूलरचा आवाज तिकडेही जात असेल.
मग म्हणाली,
"आज तुम्ही काहीच घेतलं नाही."

तेव्हापासून मी एकगठ्ठा सामान आणत नाही.
सकाळी दूध.
नऊच्या सुमारास तर्री-पोहे, तर्री कमी.
दुपारी नाही, दुपारी तिच्या मीटिंगा असतात.
संध्याकाळी कोथिंबीर,
आणि कार्ड खिशात ठेवून, पुन्हा काढून,
लिंबं वेगळी.
रूपचंद वैतागतो,
"दहा-दहा रुपयांचं दोनदा काहून करता काका?
एकदाच सांगत जा ना!"
आता त्याला काय सांगू बाप्पा,
मी चिठ्ठी लिहून राहिलो.
मजकूर तेवढाच. अक्षर मशीनचं.

तिला कळलं असावं.
परवा विचारत होती, "इतकी लिंबं कशाला?"
म्हटलं, "लोणचं घालतो."
मला लोणचं येत नाही
हे तिला पक्कं माहीत आहे.
म्हणाली, "मीठ बेतानं घाला."

एकच गोष्ट लपवली आहे.
रद्दीवाला अजून रोख देतो.
महिन्याचे पेपर, कधी एखादा पुठ्ठा,
मिळून सत्तर-ऐंशी रुपये,
मळलेल्या, घडी पडलेल्या नोटा,
एकीवर कोणीतरी पेनानं नाव लिहून खोडलेलं.
चार-पाच नोटा त्या,
तरी अंगठा आपसूक जिभेवर जातो.
दोनदा मोजतो.
एक कानाशी धरून फडकवतो,
रद्दीवाला तराजू आवरता आवरता पाहतो
आणि काही म्हणत नाही.

मग पायात चपला सरकवून
कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर.
तो पन्नीत सुपारी घोटून राहिला असतो, घसर-घसर,
मान वर न करता विचारतो,
"स्कॅन करता का, काका?"

"नाही," मी म्हणतो,
"अर्धाच खर्रा दे. नगद."
आणि शर्टाला वास लागू नये म्हणून
थोडा लांब उभा राहतो.